पत्र्याखालची दुपार : सोलापुरातील एका गणवेश कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतला हा मध्यम आकाराचा कारखाना शाळेचे गणवेश शिवतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ केले आहेत. शेड १०० फूट लांब, ६० फूट रुंद. कडेला उंची १३ फूट, मधल्या आढ्याला १९. छत उघड्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचे, आणि उजेडासाठी दर चौथ्या ओळीत एक पारदर्शक फायबरचा पत्रा. आत तीन लायनी, प्रत्येकीत २० शिलाई यंत्रे. पश्चिमेच्या भिंतीला प्रेसची सहा टेबले, एक छोटा वाफेचा बॉयलर आणि कॉलरचे अस्तर गरम करून चिकटवणारे फ्यूजिंग मशीन. एकूण माणसे ८५, त्यांत दोन तृतीयांश बायका. शिवणाऱ्यांना पीस रेटने, म्हणजे नगावर मजुरी, तर हेल्पर, चेकर आणि प्रेसवाल्यांना महिन्याचा पगार.

या धंद्याची अडचण कॅलेंडरातच आहे. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी जानेवारी-फेब्रुवारीत पक्क्या होतात आणि माल जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी दुकानात पोचावा लागतो, कारण १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात. म्हणजे कारखाना सर्वांत जोरात चालतो तो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सोलापूरचा पारा दुपारी ४० च्या वर असतो. दुसरा एखादा कारखाना मे महिन्यात दुरुस्तीची सुट्टी घेईल, इथे ती सोय नाही. जूनअखेर तयार झालेला शर्ट पुढच्या वर्षीपर्यंत गोदामात पडतो.

अडचण कशी लक्षात आली

मालकांपुढे तक्रार आली ती उष्म्याची नव्हती, ‘एप्रिलमध्ये पोरी मन लावून काम करत नाहीत’ अशी होती. लाइन सुपरवायझर ताशी उत्पादन फळ्यावर लिहीत असत, पण संध्याकाळी फळा पुसला जाई आणि वहीत फक्त दिवसाची बेरीज उतरे. बेरजेवरून एवढेच कळत होते की माल कमी निघतो. कधी कमी निघतो, हे कळत नव्हते.

म्हणून पहिले काम झाले ते फळ्याचा रोज संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढण्याचे. एका लायनीवर अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट सलग तीन आठवडे चालू होता, तीच लाइन निवडली. नव्या डिझाइनचे पहिले दोन दिवस आणि वीज गेलेले दिवस वगळले, कारण त्या दिवसांची घट वेगळ्या कारणाची असते. उरलेल्या दिवसांत सकाळी १० ते ११ या तासात सरासरी ३८ शर्ट निघत होते, दुपारी ३ ते ४ मध्ये २९.

दुपारी जेवणानंतर सुस्ती येतेच, असे सुपरवायझरचे म्हणणे. त्यात तथ्य होतेच. पण घटीतला किती भाग सुस्तीचा, हे कळायला जानेवारीतला जुना डेटा हवा होता आणि तो नव्हता. सुदैवाने चेकरच्या टेबलावर बंडलची (एकत्र बांधलेल्या नगांच्या गठ्ठ्याची) चिठ्ठी वेळेसह लावायची पद्धत होती, त्या चिठ्ठ्यांवरून जानेवारीचे दोन आठवडे जुळवले. तेव्हा हीच घट ३८ वरून ३६ एवढीच होती. दोन शर्टांची सुस्ती, उरलेल्या सात शर्टांचे कारण दुसरे काही.

दोषही दुपारीच वाढत होते. सकाळी शंभर शर्टांमागे सात दोष निघत, दुपारी चौदा. त्यांतले निम्मे शिलाईचे नव्हतेच, पांढऱ्या कापडावर घामाच्या ओल्या हाताचे आणि तेलाचे डाग होते. डाग काढून पुन्हा प्रेस करायची म्हणजे तो शर्ट पुन्हा सर्वांत गरम टेबलावर जाणार.

कारखान्यातल्या अशा घटीवर आपल्याकडे चांगला अभ्यास झाला आहे. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतीय कारखान्यांचे वार्षिक उत्पादन तापमानाच्या एका अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी घटते, असे आढळले. त्यांनी पाहिलेल्या ठिकाणांत सुरतेचे माग होते, दिल्लीजवळचे शिलाई कारखाने होते आणि भिलाईची रूळ बनवणारी गिरणीही होती. ‘मन लावणे’ हे कारण इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी लागू पडणे अवघड आहे.

मोजणी

हवेचे तापमान आणि आर्द्रता दाखवणारी साधी डिजिटल घड्याळे चार ठिकाणी टांगली: तिन्ही लायनींवर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला आणि एक प्रेसपाशी. भिंतीवर, दाराजवळ किंवा पंख्याखाली लावलेले घड्याळ खोटे बोलते.

पण नुसत्या हवेच्या तापमानावरून पत्र्याचा मारा कळत नाही. त्यासाठी काळ्या गोळ्याचा तापमापक लागतो. विकतचा गोळा तांब्याचा आणि १५० मिलिमीटर व्यासाचा असतो. इथे टेबल टेनिसच्या चेंडूला मॅट काळा रंग देऊन त्यात तापमापकाची तार बसवली. लहान गोळा हवेच्या तापमानाकडे झुकतो, म्हणून आकडा थोडा कमी येतो, पण जागांची आपसांत तुलना करायला तो पुरतो.

पत्र्याचे तापमान मोजताना एक चूक झाली. इन्फ्रारेड गनने खालून मोजले तर ४४ अंश दाखवत होते. चकचकीत जस्ताच्या पत्र्यावर ही गन फसते, कारण पत्रा स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरला तेव्हा ६२ अंश आले. जुन्या, गंजलेल्या, धूळ बसलेल्या पत्र्यावर टेप नसतानाही आकडा जवळपास खरा येतो. या शेडचा अर्ध्याहून जास्त पत्रा तसाच होता, म्हणजे खाली उष्णता ओतायला अगदी योग्य.

एप्रिलमधल्या एका दुपारी ३ वाजता दुसऱ्या लायनीवर हवा ४० अंश, आर्द्रता २५ टक्के, काळा गोळा ४३. यावरून डब्ल्यूबीजीटी, म्हणजे अंगावर पडणारा उष्म्याचा ताण सांगणारा आकडा, काढता येतो. छपराखाली ओल्या तापमानाचे (ओले कापड गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्याचे) सात दशांश आणि गोळ्याच्या तापमानाचे तीन दशांश यांची ती बेरीज असते. उत्तर आले सुमारे ३०. सकाळी १० ला तेच २५-२६ होते. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात सवय झालेल्या माणसाच्या हलक्या कामासाठी ३० आणि मध्यम कामासाठी २८ हे संदर्भमूल्य आहे. बसून शिवणारी बाई काठावर होती. प्रेसपाशी ३२ च्या वर आकडा जात होता आणि तिथले उभ्याने इस्त्री दाबण्याचे काम हलके नाही.

उष्णता येते कुठून, याची यादी केली तेव्हा दोन गोष्टींनी चकित केले. एक म्हणजे यंत्रांच्या क्लच मोटारी. जुनी क्लच मोटार शिवण चालू असो वा नसो, अखंड फिरते, आणि ती बसलेल्या बाईच्या गुडघ्याशी असते. मीटर लावून पाहिले तर एक मोटार सरासरी अडीचशे वॅट घेत होती. साठ मोटारींचे पंधरा किलोवॅट, सगळे शेवटी शेडमध्येच. दुसरी गोष्ट बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची आणि गळक्या वाफेच्या होजची. त्यांची वाफ आतच सुटत होती. कोरड्या सोलापुरात शेडमधली हवा बाहेरच्यापेक्षा दमट होती, ती याच वाफेमुळे.

समोर असलेले पर्याय

वातानुकूलन पहिल्याच बैठकीत बाद झाले. असे तापलेले छत तसेच ठेवून शेड गार करायची तर ढोबळ हिशेबाने ४५ टनांची यंत्रणा लागली असती. ५० किलोवॅटच्या वर वीज, त्यासाठी मंजूर भार वाढवणे, आणि वर्षातले आठ महिने ती बंद.

वेळ बदलणे सर्वांत स्वस्त होते. सकाळी ६ ते दुपारी २. कागदावर उत्तम, आणि पहिल्या वर्षी हेच ठरले. आठ दिवसांत बारगळले. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्या दिवशी पहाटे किंवा सकाळी पाणी असेल त्या दिवशी घरातली बाई ते भरल्याशिवाय निघत नाही. प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस वेगळा, त्यामुळे रोज कुणीतरी दहा-बारा जणी गैरहजर आणि लाइनची साखळी तुटलेली. कॉलर जोडणारी नसेल तर बाहीवाली बसून राहते. हे बायकांना आधी विचारले असते तर एका चहाच्या वेळात कळले असते.

उरलेले पर्याय दोन गटांचे होते. उष्णता आत येऊच न देणे, किंवा आलेली बाहेर काढणे. दुकानदार दुसऱ्या गटाच्या वस्तू विकतात, कारण त्या दिसतात, फिरतात आणि आवाज करतात. कारखान्याने पहिल्या वर्षी त्याच घेतल्या.

पहिले वर्ष : पैसे गेले, फरक पडला नाही

सहा मोठे पेडेस्टल पंखे आले. हवा ३५ अंशांच्या खाली असेपर्यंत पंखा अंगाची उष्णता नेतो. हवा ४० ला गेली की तो तापलेलीच हवा अंगावर टाकतो. घाम सुकतो तेवढाच फायदा, आणि पाणी पुरेसे प्यायले नसेल तर तोही टिकत नाही. शिवाय पंख्याच्या झोतात बंडलचे सुटे भाग उडायचे, म्हणून बायका पंखे स्वतःच भिंतीकडे वळवत.

मग आढ्यावर आठ टर्बो व्हेंटिलेटर बसवले. ते वाऱ्याने फिरत, पण हवा फारशी बाहेर जात नव्हती. वरून हवा काढायची तर खालून तेवढीच आत यायला हवी. खालच्या खिडक्या धुळीमुळे आणि चोरीच्या भीतीने कायम बंद. महिनाभराने कुणाच्या तरी लक्षात आले की दार उघडले की व्हेंटिलेटरखाली टांगलेली दोऱ्याची टोके हलतात, लावले की स्थिर होतात. इतकी सोपी तपासणी बसवण्याच्या दिवशीच करता आली असती.

दुसरे वर्ष : क्रम बदलला

या वेळी आधी उष्णतेचे उगम, मग हवेचा प्रवाह आणि शेवटी गारवा असा क्रम धरला.

छत. पत्र्यावर बाहेरून पांढरा परावर्तक लेप देण्याचे ठरले. चुना, पांढरे सिमेंट आणि डिंक यांचे मिश्रण फारच स्वस्त पडते, पण पहिल्या मोठ्या पावसात ते वाहून जाते. लवचिक ॲक्रिलिक लेपाचा दर चौरस फुटाला २२ रुपये आला. सुमारे ६,४०० चौरस फुटांचे एक लाख चाळीस हजार. काम फेब्रुवारीत, सकाळी, पत्रा थंड असताना. आधी दाबाच्या पाण्याने धुणे, गंज तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर प्रायमर, स्क्रूच्या डोक्यांना सीलंट, मग दोन हात एकमेकांना आडवे. ठेकेदाराने पूर्वेकडच्या एका पट्ट्यात प्रायमर वाचवला. जूनच्या पावसात बरोबर तेवढाच पट्टा पोपडे धरून सुटला.

लेपानंतर दुपारचा पत्रा ६२ वरून ४६ अंशांवर आला. हा फरक अंगाला किती जाणवतो, ते सोप्या गणिताने कळते: ६२ अंशांचा काळपट पृष्ठभाग ४६ च्या तुलनेत दर चौरस मीटरला शंभराहून अधिक वॅट जास्त उष्णता खाली सोडतो. ‘डोक्यावरचा तवा उतरला’ असे एका शिवणाऱ्या मावशींनी सांगितले.

फायबरच्या पत्र्यांतून तिसऱ्या लायनीवर सरळ ऊन पडायचे. तेही रंगवून टाकायचे ठरत होते, पण मग दिवसाचा उजेड गेला असता. सुईपाशी ७५० लक्सच्या आसपास उजेड हवा, कमी पडला की टाका चुकतो. म्हणून दक्षिण उताराचे फायबर पत्रे रंगवले, उत्तरेचे तसेच ठेवले आणि प्रत्येक यंत्राला छोटा एलईडी दिवा लावला. बंगळूरच्या शिलाई कारखान्यांवरच्या एका अभ्यासात एलईडीमुळे शेडमधला उष्मा कमी होऊन उष्ण दिवसांतले उत्पादन सावरल्याचे दिसले होते. इथे दिव्यांपेक्षा मोटारींचा वाटा मोठा होता. साठही क्लच मोटारी काढून सर्वो मोटारी बसवल्या. त्या फक्त शिवताना वीज घेतात. सरासरी वापर अडीचशेवरून ऐंशी वॅटवर आला, म्हणजे शेडमधली दहा किलोवॅट उष्णता कमी. हा खर्च सर्वांत मोठा होता, पण वीजबिलात दिसल्यामुळे मालकांना तो सर्वांत कमी टोचला.

प्रेस. बॉयलर भिंतीच्या बाहेर वेगळ्या पत्र्याखाली नेला, वाफेच्या नळ्यांना ग्लासवूलचे वेष्टन घातले, गळके होज बदलले आणि प्रेसच्या मागच्या भिंतीत तीन एक्झॉस्ट पंखे बसवले.

हवा आणि गारवा. शेडचे घनफळ सरासरी १६ फूट उंची धरून ९६,००० घनफूट. तासाला ३० वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ४८,००० घनफूट, म्हणजे १२,००० चे चार औद्योगिक कूलर. ते पूर्वेच्या भिंतीबाहेर, सावलीत बसवले आणि आत आठ फुटांवर डक्ट आणून प्रत्येक दोन यंत्रांमध्ये एक तोंड ठेवले. हवा पश्चिमेला प्रेसवरून बाहेर जाते, म्हणजे वाफ लायनींकडे येत नाही. उलटी मांडणी केली असती तर साऱ्या लायनी प्रेसच्या वाफेत बसल्या असत्या.

कूलरच्या पाण्याचा हिशेब विक्रेत्याने दिला नव्हता. बाहेर ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला हनीकोंब पॅड हवा २६ अंशांपर्यंत आणतो, पण एक कूलर तासाला सुमारे १२५ लिटर पाणी उडवतो. चार कूलरचे ५००. टाकीतले क्षार वाढू नयेत म्हणून सोडायचे पाणी धरून ६००. पाच तासांचे तीन हजार लिटर रोज. बोअरचे पाणी क्षाराचे, ते वापरल्यावर सहा आठवड्यांत पॅडवर पांढरा थर बसून हवा अर्धी झाली. पुढे क्षारविरहित पाण्याचा टँकर एक दिवसाआड घ्यावा लागला. कूलर फक्त ११.३० ते ४.३० चालवायचे, हे ठरले ते यामुळेच.

जूनमध्ये मात्र तेच कूलर उलटले. वळवाचे पाऊस पडून बाहेर ३४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता झाली की कूलरची हवा फार तर २८ ला येते आणि शेडमध्ये ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा भरतो. घाम सुकत नाही, कापड ओलसर लागते. तीन दिवस तक्रारी आल्यावर नियम केला: बाहेरची आर्द्रता ५० च्या वर गेली की पंप बंद, फक्त पंखा चालू.

विश्रांती आणि मजुरी

निर्णयांपैकी सर्वांत जास्त वाद यावर झाला. १२ ते ५ या वेळात दहा मिनिटांच्या दोन विश्रांत्या जाहीर झाल्या. कुणीच उठले नाही. पीस रेटवर वीस मिनिटे म्हणजे दोन-तीन बंडलची मजुरी. त्याच कारणाने बायका पाणीही कमी पीत. पाणी प्यायले की स्वच्छतागृहात जावे लागते, आणि जिथे दोनच असतील तिथे रांगेत बंडल जाते. ओआरएसची पाकिटे ठेवली होती, ती घरी मुलांसाठी जात होती.

दुसऱ्या आठवड्यात पद्धत बदलली. विश्रांतीच्या वेळी लाइनचा मुख्य स्विच बंद करायचा आणि त्या वीस मिनिटांची मजुरी ज्याच्या त्याच्या सरासरी दराने द्यायची. दिवसाला सरासरी ४५० रुपये कमाई धरली तर माणशी एकोणीस रुपये, साठ जणांचे रोज अकराशेच्या आसपास. मालकांचे भाऊ याला फुकटची मजुरी म्हणत होते. हिशेबनिसाने दुपारच्या डागाळलेल्या शर्टांच्या फेरकामाचा खर्च समोर ठेवला, तो याहून जास्त होता. तिसरे स्वच्छतागृह बांधले. पाण्याचे जार दाराजवळून उचलून प्रत्येक लायनीच्या टोकाला ठेवले. ओआरएसऐवजी दुपारी ३ ला मीठ घातलेले ताक सुरू झाले. ताक जागेवरच प्यायले जाते.

परिणाम

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच शर्टाच्या त्याच लायनीवर दुपारी ३ ते ४ मध्ये ३४ नग निघाले, सकाळी ३८. डब्ल्यूबीजीटी दुपारी २७ च्या आसपास, प्रेसपाशी २९. दोष शंभरामागे चौदावरून नऊवर. विश्रांतीची वीस मिनिटे वजा जाऊनही दिवसाचे उत्पादन वाढले. यातला किती भाग छताचा, किती कूलरचा आणि किती मजुरीच्या बदलाचा, हे वेगळे काढता येत नाही, कारण सगळे एकाच हंगामात केले.

हजेरी सुधारली नाही. मेमध्ये गैरहजेरी पूर्वीइतकीच राहिली. सोमनाथन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही वातानुकूलनाने कामाच्या जागी घट थांबली, गैरहजेरी थांबली नाही. कारण कारखान्याच्या दाराबाहेर आहे. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या घरात रात्री झोप लागत नाही, मूल आजारी पडते, पाण्यासाठी थांबावे लागते. यावर कारखान्याने एवढेच केले की प्रत्येक लायनीत दोन जणींना तीन-तीन ऑपरेशन शिकवली आणि त्यांचा दर वाढवला. एखादी जागा रिकामी राहिली तरी साखळी तुटत नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

लेप आणि मोटारी एका हंगामात, कूलर पुढच्या हंगामात घेतले असते, तर कदाचित चारऐवजी तीन कूलर पुरले असते आणि पाण्याचा खर्च तेवढा कमी झाला असता. लेपाच्या ठेक्यात प्रायमरची तपासणी आणि दोन पावसाळ्यांची हमी लिहून घ्यायला हवी होती. पांढरे छत धुळीने वर्षभरात मळते, म्हणून दर मार्चमध्ये धुण्याचा खर्च पहिल्यापासूनच हिशेबात धरावा. नवीन शेड बांधणाऱ्याने पत्र्याखाली इन्सुलेशन बांधतानाच घालावे. नंतर चालू लायनींवर परांची बांधून ते काम करणे दुप्पट महाग जाते.

यातले काही नवे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमात छताला आणि भिंतींना चुना मारणे, पाणी फवारणे, छत उंच करणे आणि दुहेरी छत हे उपाय नावानिशी लिहिले होते. कारखान्यात कायद्याची ती प्रत होती. ऑफिसात, पंख्याखाली, पहिल्या वर्षीच्या टर्बो व्हेंटिलेटरच्या बिलांच्या फाइलशेजारी.